उतारवयातील लाल तीळ : भ्यावे कशाला आणि जपावे कशाला

वयाची साठी ओलांडली की बहुतेकांच्या अंगावर कुठे ना कुठे लाल ठिपके दिसू लागतात. छातीवर, पोटावर, पाठीवर, कधी दंडावर. मोहरीएवढा, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल आणि बोटाला किंचित उंच लागणारा असा हा ठिपका असतो. आंघोळीच्या वेळी किंवा पाठीला तेल लावताना तो कोणाच्या तरी नजरेस पडतो आणि घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते रक्त बिघडले, कोणी म्हणते अंगात उष्णता वाढली, कोणी लाल तीळ म्हणजे भाग्याची खूण मानते. आणि ज्याच्या अंगावर तो ठिपका असतो त्याच्या मनात, कोणाला न सांगता, कर्करोगाची शंका येऊन बसते.

भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. उन्हाळ्यात मागाच्या शेडमध्ये माणसे नुसत्या बनियनवर किंवा उघड्या अंगाने उभी असतात, त्यामुळे एकमेकांच्या अंगावरचे ठिपके येथे सहज दिसतात आणि त्यावर सल्लेही भरपूर मिळतात. दवाखान्यात येणारा वृद्ध रुग्ण पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. तपासण्यासाठी सदरा वर केला की स्वतःच ठिपक्यावर बोट ठेवून हळूच विचारतो, ‘‘डॉक्टर, हे काय आहे?’’ खरे तर त्याला तेच विचारायचे असते.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारेच असते. हे ठिपके आपणहून क्वचितच कोणाचे नुकसान करतात. नुकसान होते ते त्यांच्या भीतीपोटी आपण जे करतो त्याने, किंवा ‘हेही तसलेच असेल’ म्हणून एखाद्या वेगळ्या डागाकडे दुर्लक्ष केल्याने. म्हणून आज या ठिपक्यांची ओळख नीट करून घेऊ.

हे ठिपके म्हणजे काय?

आपल्या त्वचेखाली केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. वय वाढत जाते तसे या जाळ्यात काही ठिकाणी वाहिन्या रुंदावतात, त्यांची संख्या वाढते आणि त्यांचा लहानसा पुंजका तयार होतो. त्यात रक्त खेळते असते म्हणून तो लाल दिसतो. वैद्यकात त्याला ‘चेरी अँजिओमा’ म्हणतात. तिशी-चाळिशीत एखाददुसरा दिसतो, पुढे संख्या वाढते आणि सत्तरीच्या घरात पोहोचलेल्या बहुतेकांच्या अंगावर काही तरी सापडतातच. साधारणपणे आकार १ ते ५ मिलिमीटर. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हे ठिपके लालभडक न दिसता तपकिरी, जांभळट किंवा काळपट भासतात, त्यामुळे आपल्याकडे ते साध्या तिळात मोडले जातात.

हे ठिपके संसर्गजन्य नाहीत. एकाच्या टॉवेलने दुसऱ्याला होत नाहीत. मसालेदार खाण्याने, आंब्याने किंवा अंड्याने येत नाहीत. रक्त ‘शुद्ध’ करणाऱ्या काढ्यांनी जातही नाहीत, कारण रक्तात काही बिघाड झालेलाच नसतो.

एका जुन्या गैरसमजाची कथा

कर्करोगाची शंका केवळ आपल्याच मनात येते असे नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात कॅम्पबेल डी मॉर्गन नावाचे नामवंत शल्यचिकित्सक होते. त्यांचा काळ १८११ ते १८७६. कर्करोगाच्या रुग्णांच्या अंगावर असे लाल ठिपके वारंवार दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि या ठिपक्यांचा कर्करोगाशी संबंध असावा असे त्यांना वाटले. पुढे इतर वैद्यांनी त्याच वयाच्या निरोगी माणसांची अंगे पाहिली, तेव्हा तितकेच ठिपके तेथेही सापडले. कर्करोग बहुधा उतारवयात होतो आणि ठिपकेही उतारवयातच येतात. दोघांना जोडणारा दुवा वयाचा होता. आजही वैद्यकाच्या पुस्तकांत हे ठिपके ‘कॅम्पबेल डी मॉर्गनचे ठिपके’ या नावाने ओळखले जातात. शंका मात्र केव्हाच निकालात निघाली आहे.

त्याच घराण्यातील इतर मंडळी

रक्तवाहिन्यांपासून बनलेल्या निरुपद्रवी वाढींचे आणखीही काही प्रकार आहेत. आपण त्यांना चेहऱ्याने ओळखलेले बरे.

*ओठावरील निळा फुगवटा.* खालच्या ओठावर किंवा कानाच्या पाळीवर गडद निळा, मऊ, वाटाण्याहून लहान फुगवटा येतो. वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्या वृद्धांत तो जास्त दिसतो. बोटाने हळूच दाबला की तो रिकामा होतो, बोट काढले की पुन्हा भरतो. याला ‘व्हीनस लेक’ म्हणजे नीलेतील तळे असे नाव आहे. तो दाबून रिकामा होत नसेल, कडक लागत असेल, तर मात्र डॉक्टरांची नजर त्यावरून फिरायलाच हवी.

*कोळ्याच्या आकाराचा डाग.* मधोमध लाल टिंब आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या निघालेल्या बारीक लाल रेषा. चेहरा, मान, छातीचा वरचा भाग, हात येथे हा दिसतो. मधले टिंब दाबले की सारा कोळी नाहीसा होतो आणि सोडले की मध्यापासून पुन्हा पसरतो. एखाददुसरा असल्यास चिंता नको. गर्भारपणातही असे डाग येतात आणि प्रसूतीनंतर बहुधा जातात. मात्र अनेक डाग, आणि सोबत डोळ्यांत पिवळेपणा, पोट फुगणे, पायांवर सूज किंवा मद्यपानाचा, काविळीचा इतिहास असेल तर यकृताची तपासणी करून घ्यावी.

*भराभर वाढणारी, रक्ताळणारी गाठ.* बोटाला सुई किंवा काटा टोचल्याचे निमित्त होते आणि काही आठवड्यांतच तेथे लाल, ओलसर, कच्च्या मांसासारखी गाठ उभी राहते. जरासा धक्का लागला तरी भळाभळा रक्त येते. ‘पायोजेनिक ग्रॅन्युलोमा’ हे तिचे नाव. नावावरून पू असल्याचा भास होतो, पण तिच्यात पू नसतो. गाठ निरुपद्रवी असली तरी ती काढून प्रयोगशाळेत तपासावीच लागते, कारण त्वचेचा एक घातक कर्करोग कधीकधी हुबेहूब हेच रूप घेतो.

*गुप्त जागी येणारे जांभळे दाणे.* उतारवयातील पुरुषांच्या वृषणाच्या त्वचेवर बारीक, गडद लाल किंवा काळसर, किंचित खरखरीत दाणे येतात. त्यांना ‘अँजिओकेरॅटोमा’ म्हणतात. लज्जेपोटी माणसे ही गोष्ट वर्षानुवर्षे मनात ठेवतात. काहींना गुप्तरोगाचा धसका बसतो. हा गुप्तरोग नाही आणि पत्नीला तो होण्याचा प्रश्नच येत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी आणि मनावरचे ओझे उतरवावे.

या सर्वांपासून एक गोष्ट वेगळी ओळखावी. वृद्धांच्या हातांच्या मागील बाजूस, मनगटाच्या वर, सपाट जांभळे चट्टे येतात. आठवडा-दोन आठवड्यांत ते रंग बदलत विरतात. ती वाढ नव्हे. त्वचा पातळ झाल्याने किरकोळ धक्क्यानेही आत पाझरलेले ते रक्त असते. लाल तीळ मात्र वर्षानुवर्षे जागच्या जागी असतो.

भीतीपोटी होणाऱ्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे घरगुती जाळपोळ. चामखीळ समजून लाल तिळावर चुना आणि खार लावणे, बिब्बा घालणे, उदबत्तीचा चटका देणे, घोड्याचा केस किंवा दोरा बांधणे हे प्रकार अजूनही चालतात. बिब्ब्याने त्वचा अक्षरशः भाजते आणि मोठाले फोड येतात. मधुमेह असलेल्या वृद्धाची अशी जखम लवकर भरत नाही, ती चिघळते आणि एका निरुपद्रवी ठिपक्यापायी माणूस महिनाभर पट्ट्या बदलत बसतो. चामखिळीत रक्त कमी असते. हा ठिपका तर रक्तवाहिन्यांचाच बनलेला. तो खरवडला की रक्त लवकर थांबत नाही.

दुसरी गोष्ट सर्वांत धोक्याची आहे. हृदयात स्टेंट बसवलेला असतो, कोणाची झडप बदललेली असते, कोणाला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असतो. अशांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरीन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात. अंगावर लाल ठिपके दिसले की घरातले कोणी म्हणते, ‘‘गोळ्यांनी रक्त फुटून बाहेर येतेय,’’ आणि गोळी बंद होते. या गोळ्यांमुळे लाल तीळ येत नाहीत. हातावरचे जांभळे चट्टे त्यांनी वाढू शकतात, पण तेही गोळी परस्पर बंद करण्याचे कारण नव्हे. स्टेंट बसवल्यानंतरच्या काळात गोळी अचानक थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कृत्रिम झडपेवर गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊ शकते. एका निरुपद्रवी ठिपक्याच्या भीतीने जिवावरचा धोका ओढवून घेण्यासारखे हे आहे. शंका आली तर गोळी चालू ठेवून डॉक्टरांकडे यावे.

याला जोडून एक सूचना. हिरड्यांतून रक्त, लघवीत रक्त, डांबरासारखे काळे शौच, किंवा पायांवर एकाएकी उमटलेले टाचणीच्या टोकाएवढे सपाट लाल ठिपके, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. असे सपाट ठिपके काचेच्या स्वच्छ पेल्याने दाबले तरी फिके पडत नाहीत. पावसाळ्यात तापाबरोबर ते आले तर डेंग्यूचा विचार करून प्लेटलेट्स तपासाव्या लागतात.

तिसरी गोष्ट आमच्या परिसरातली आहे. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांवर त्वचेच्या तक्रारींसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. श्रद्धेने जावे, अंग शेकून सांधे मोकळे झाल्यासारखे वाटते हेही खरे. परंतु कुंडात स्नान केल्याने लाल तीळ जात नाहीत; उलट उष्णतेने त्वचेच्या वाहिन्या रुंदावतात आणि ते तात्पुरते अधिकच लाल दिसतात. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि पाय भाजतात. अशा वडीलधाऱ्यांना कुंडात उतरवण्यापूर्वी सोबतच्या माणसाने स्वतःच्या कोपराने पाणी पाहावे, आणि कढत वाटल्यास उतरवू नये.

कोणता डाग दाखवायलाच हवा?

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली तर घरगुती निदान करत बसू नये.

– इतर सर्व ठिपक्यांहून वेगळा दिसणारा एखादा डाग. विशेषतः काळा, दोन-तीन रंगांचा, वेड्यावाकड्या कडांचा.
– काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आकार, रंग, उंची बदलणारा डाग.
– धक्का न लागता रक्ताळणारी किंवा खपली धरून पुन्हापुन्हा उघडणारी जागा.
– तळपाय, तळहात किंवा नखाखाली नव्याने आलेला काळा डाग अथवा रेघ. त्वचेचा ‘मेलानोमा’ हा घातक कर्करोग आपल्या लोकांत कमी आढळतो, पण आढळतो तेव्हा या जागा प्रामुख्याने पाहाव्या लागतात.
– डोक्यावर किंवा चेहऱ्यावर, मार लागलेला नसताना, मुका मार लागल्यासारखा जांभळट डाग, जो विरण्याऐवजी पसरत जातो. हा क्वचित आढळणारा, पण वृद्धांतच दिसणारा रक्तवाहिन्यांचा कर्करोग असू शकतो.
– ओठ, जीभ, बोटे यांवर अनेक लाल ठिपके आणि सोबत वारंवार नाकातून रक्त. घरात आणखी कोणाला तसेच असेल तर आवर्जून सांगावे.
– तंबाखू, मावा, मिश्री यांची सवय असलेल्याच्या तोंडातील मखमलीसारखा लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम. याला लाल तीळ समजण्याची चूक करू नये.
– थोड्याच आठवड्यांत अंगभर एकाएकी उठलेले शेकडो लाल ठिपके.

प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. त्यांना गरज वाटल्यास ते त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतील. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबईच्या केईएम, शीव किंवा जे.जे. रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत ठेवावीत. नुसती ‘हृदयाची पांढरी गोळी’ असे सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.

उपचार : कोणाला, कोणते?

बहुतेकांना कोणत्याच उपचाराची गरज नसते. ठिपका कमरपट्ट्यात, ब्लाउजच्या कडेला किंवा दाढी करताना सारखा कापला जात असेल, वारंवार रक्त येत असेल, किंवा दिसण्याने मनाला त्रास होत असेल तर तो काढता येतो. सत्तरीच्या आजींना चेहऱ्यावरचा ठिपका खटकत असेल तर त्यांना हसू नये. नीटनेटके दिसावेसे वाटणे वयाबरोबर संपत नाही.

जागा बधिर करून विजेच्या सूक्ष्म सुईने ठिपका जाळणे हा सोपा आणि जुना उपाय. काही मिनिटांचे काम; खपली साधारण आठवडा-दहा दिवसांत पडते. लेसरनेही ठिपके आणि ओठावरचे निळे तळे काढता येते. काही वेळा एकाहून अधिक बैठका लागतात. द्रव नायट्रोजनने गोठवण्याची पद्धतही आहे. सावळ्या त्वचेवर या तिन्ही उपायांनी काळा किंवा पांढरा डाग मागे राहण्याची शक्यता असते. हे आधी विचारून घ्यावे. सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च आरोग्य विमा साधारणपणे देत नाही, तेव्हा खर्चाचा अंदाजही आधीच घ्यावा. एक ठिपका काढला म्हणून दुसरीकडे नवे यायचे थांबत नाहीत.

उपचारापूर्वी तीन गोष्टी डॉक्टरांना न विचारताही सांगाव्यात : हृदयात पेसमेकर आहे का, रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, आणि मधुमेह आहे का. पेसमेकर असेल तर विजेच्या सुईऐवजी दुसरा मार्ग निवडावा लागू शकतो. गोळी थांबवायची की नाही, हे ती देणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. आणि शंकास्पद गाठ कापून काढली असेल तर तो तुकडा तपासणीला गेला की नाही, हे विचारण्यात संकोच करू नये.

रक्त येऊ लागले तर

स्वच्छ कापडाची घडी जागेवर ठेवून घट्ट दाबावे आणि घड्याळ लावून १० मिनिटे हात काढू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर १५ मिनिटे. मध्ये मध्ये उचलून पाहिले की जमलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा सुरू होते. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट काही भरू नये. एवढे करूनही थांबले नाही तर कापड दाबलेलेच ठेवून जवळच्या दवाखान्यात यावे.

नातवंडाच्या अंगावरचा लाल डाग

आजी-आजोबांना एक गोष्ट सांगून ठेवतो. तान्ह्या बाळाच्या अंगावर जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत लाल, स्ट्रॉबेरीसारखा फुगीर डाग येतो आणि वाढू लागतो. त्याची बहुतांश वाढ पहिल्या ५ महिन्यांत होते आणि मग तो काही वर्षांत आपोआप ओसरतो. जन्मतःच असलेले सपाट लासे हा वेगळा प्रकार. त्याचे काही प्रकार ओसरत नाहीत. दोन्हींचा ग्रहणाशी किंवा आईच्या खाण्यापिण्याशी संबंध नाही, म्हणून सुनेला बोल लावू नये.

फुगीर डाग डोळ्याजवळ, ओठावर, नाकावर, गळ्याच्या पुढे असेल किंवा त्यावर जखम होत असेल तर आपोआप जाण्याची वाट पाहू नये. बाळ महिन्याचे होण्याच्या सुमारासच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांना हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रानोलॉल दिलेल्या बाळाचा असा डाग ओसरताना दिसला आणि २००८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. तेव्हापासून हे औषध या डागावरचा मुख्य उपचार ठरले. मात्र ते नाडी मंदावते आणि उपाशी बाळाची साखर एकदम उतरवू शकते. काही घरांत आजोबांच्या औषधांच्या डब्यात हीच गोळी असते. ती बाळाला घरच्या घरी चुकूनही देऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

घरातील वृद्धाला आंघोळ घालताना महिन्यातून एकदा डोक्यापासून तळपायापर्यंत त्वचा पाहावी. पाठ, कानामागे, केसांत, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यांत, तळपायावर. जिथे त्यांची स्वतःची नजर पोहोचत नाही तिथे आपली पोहोचावी. उजेड दिवसाचा असावा आणि दार लोटलेले असावे. एखादा डाग वेगळा वाटला तर शेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढावा आणि तारीख लिहून ठेवावी. डाग बदलतो आहे की नाही, हे पुढच्या महिन्याचा फोटो आठवणीपेक्षा अधिक खात्रीने सांगतो; पण वरच्या यादीतले काही दिसले तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.

अंगावरचे लाल तीळ हे केसांच्या पांढरेपणासारखेच वयाचे लेणे आहे. त्यांना तसेच राहू द्यावे, गोळ्या वेळेवर घ्याव्यात, आणि एखादा डाग वेगळा दिसलाच तर तो लपवू नये.